डोळ्यात थेंब, तोंडात गोळी : एका औषधाची दोन कामं

काचबिंदूच्या थेंबांची बाटली आणि तोंडाला कोरड पडते म्हणून दिलेल्या गोळ्यांची डबी, दोन्हींवर एकच नाव छापलेलं असू शकतं : पायलोकार्पिन. यावरून मेडिकलच्या काउंटरवर गोंधळ ठरलेला. गालाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेले एक काका गोळ्या घ्यायला आले होते. मुलाने मोबाइलवर नाव टाकून पाहिलेलं. "अहो, हे तर डोळ्याचं औषध आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत, चष्मासुद्धा जवळचा फक्त," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी परत खिशात घातली. डॉक्टर चुकले नव्हते, मुलाने वाचलेलंही खोटं नव्हतं. दोघांच्या मधे जे सांगायचं राहून गेलं, ते इथे सांगतो.

आपल्या शरीरात काही कामं आपल्याला न विचारता चालतात. लाळ सुटते, घाम येतो, उजेडात बाहुली बारीक होते, आतडी हलतात, मूत्राशय आकुंचन पावतं. या कामांचा हुकूम मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत पोचवतात. तो घेणारी केंद्रं लाळग्रंथीत आहेत, घामाच्या ग्रंथीत आहेत आणि डोळ्यातल्या बारीक स्नायूंतही आहेत. पायलोकार्पिन याच रसायनाची नक्कल करतं. डोळ्यात टाकलं की बाहुली आकसते आणि आतला स्नायू आवळला जातो. पोटात घेतलं की लाळ सुटते. घामही फुटतो, कारण रक्तातून गेलेल्या औषधाला फक्त लाळग्रंथीच गाठायला सांगता येत नाही.

याच्या बरोबर उलटं काम करणारी वनस्पती आपल्या ओळखीची आहे. धोत्रा. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो ते काटेरी फळ. चुकून धोत्र्याच्या बिया खाल्लेल्या मुलाचं तोंड कोरडं ठक्क पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, मूल बरळायला लागतं. धोत्र्यातली अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्यं त्याच केंद्रांवर जाऊन बसतात आणि हुकूम पोचूच देत नाहीत. तोंडाची कोरड आणि डोळ्याचं प्रेशर यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर या दोन टोकांना पायलोकार्पिन आणि धोत्रा ठेवा. पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

पायलोकार्पिन मूळचं ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या जाबोरंडी नावाच्या झुडपाच्या पानांतलं. पानं चघळली की लाळ आणि घाम सुटतो हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होतं. १८७०च्या दशकात कुटिन्यो या ब्राझिलियन डॉक्टरांनी ही पानं पॅरिसला नेली, १८७५ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या संशोधकांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं आणि पुढच्या एकदोन वर्षांत ते काचबिंदूसाठी वापरात आलं. म्हणजे औषध जवळजवळ दीडशे वर्षांचं. गोळीच्या रूपात मात्र त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये, रेडिएशननंतरच्या कोरडेपणासाठी.

आता आधी डोळा.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि बाहेर जात राहतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही, तो आतल्या आत फिरतो. दिवसाकाठी जेमतेम ३-४ मिलिलिटर, चमचाभरही नाही. बाहेर जाण्याची मुख्य वाट बुबुळाच्या कडेला, मोरीच्या जाळीसारख्या एका बारीक गाळणीतून आहे. ती गाळणी हळूहळू तुंबली, किंवा तिच्या तोंडावर डोळ्याचा रंगीत पडदा येऊन टेकला, की आतला दाब वाढतो. ही गाळणी बुबुळ आणि पडद्याच्या मधल्या ज्या कोपऱ्यात असते त्याला अँगल म्हणतात. पहिला प्रकार म्हणजे उघड्या अँगलचा काचबिंदू, दुसरा बंद किंवा अरुंद अँगलचा. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

या दाबाचा, म्हणजे डोळ्याच्या प्रेशरचा, साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) हा आकडा नॉर्मल धरतात. पण २४ आला म्हणजे काचबिंदू झाला असं नाही. काचबिंदूत डोळ्यामागची नजरेची नस खराब होते. नुसतं प्रेशर जास्त, नस शाबूत, अशीही पुष्कळ माणसं असतात. त्यांना औषध द्यावं का, यावर अमेरिकेत १,६३६ लोकांचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आला. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. धोका निम्म्याहून कमी झाला, हे खरं. पण थेंब न घेणाऱ्या शंभरातल्या नव्वदजणांना त्या पाच वर्षांत काही झालं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून चांगला डॉक्टर आधी बुबुळाची जाडी मोजतो, नस पाहतो, घरात कुणाला काचबिंदू आहे का विचारतो आणि मग ठरवतो. 'प्रेशर आहे, थेंब चालू करा' एवढ्यावर भागत नाही.

थेंब द्यायचेच ठरले तर आज बहुतेकांना पहिल्यांदा मिळतो तो लॅटॅनोप्रोस्ट किंवा त्याच्या घरातला एखादा : ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट. रात्री एकदा थेंब, प्रेशर पाव ते एक तृतीयांशाने उतरतं आणि बाकी शरीराला फारसा त्रास नाही. गाळणी सोडून बाजूच्या दुसऱ्या वाटेने तो द्रव बाहेर काढतो. तक्रारी दिसण्याच्या असतात. डोळे लाल होणं, पापण्यांचे केस लांब आणि दाट होणं, पापणीभोवती काळसरपणा, डोळे थोडे खोल गेल्यासारखे वाटणं. एकाच डोळ्यात थेंब चालू असेल तर दोन डोळ्यांतला फरक आरशात कळतो आणि लोक घाबरून बाटली बंद करतात. पापण्या लांब होतात म्हणून बायमॅटोप्रोस्ट पुढे सौंदर्यप्रसाधन म्हणूनही विकलं गेलं, हा त्यातला गमतीचा भाग.

टिमोलॉल १९७८ पासून आहे, स्वस्त आहे, द्रव तयार होण्याचं प्रमाणच कमी करतं आणि प्रेशर २०-२५ टक्के उतरवतं. पण ते बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातलं आहे. डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात जातं. दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी आधीच मंद असणाऱ्याला चक्कर येऊ शकते. "डोळ्याच्या थेंबाने काय होणार?" हा प्रश्न मी ज्या औषधाबद्दल सर्वात जास्त ऐकला आणि ज्याबद्दल तो विचारणं सर्वात चुकीचं आहे, ते हेच. दमा असेल तर तो डोळ्याच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगायचा.

डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइडने डोळा चुरचुरतो, थोड्या वेळाने तोंड कडू होतं, प्रेशर जरा कमी उतरतं. दुसऱ्या औषधाला जोड म्हणून ते ठीक. नेटार्सुडिल नवं आहे, थेट गाळणीवर काम करतं, पण डोळे चांगलेच लाल करतं.

ब्रिमोनिडीनपाशी थोडं थांबायला हवं, कारण आपल्या विषयाची गाठ इथे आहे. प्रेशर ते टिमोलॉलइतकंच उतरवतं, दम्याच्या माणसाला चालतं. पण त्याने तोंड कोरडं पडतं. हा दुर्मीळ त्रास नव्हे, माहितीपत्रकात अगदी वरच्या नेहमीच्या तक्रारींत तो छापलेला असतो. झोप आल्यासारखंही वाटतं. सत्तरीचे आजोबा दातांच्या डॉक्टरकडे जातात, "कवळी टोचते, घास फिरत नाही" म्हणतात. दातांचे डॉक्टर विचारतात, कुठल्या गोळ्या चालू आहेत? आजोबा बीपीची, शुगरची नावं सांगतात. थेंब सांगत नाहीत. थेंब म्हणजे औषध थोडंच! मग कोरडेपणावर दुसरं औषध सुरू होतं, आणि जे थांबवायला किंवा बदलायला हवं होतं ते फ्रिजच्या दारात सुखरूप असतं.

मग पायलोकार्पिनचे थेंब कुठे बसतात? प्रेशर तेही २०-२५ टक्के उतरवतं, पण दिवसातून तीन-चार वेळा टाकावं लागतं. बाहुली बारीक झाल्याने संध्याकाळनंतर अंधारल्यासारखं दिसतं, रात्री गाडी चालवणं नको होतं. सुरुवातीला भुवईवर ठणका लागतो. मोतीबिंदू असेल तर बारीक बाहुलीतून आणखीच धूसर. एवढ्या कारणांनी रोजच्या वापरातून ते मागे पडलं. आजही ते लागतं ते मुख्यतः बंद अँगलच्या प्रकारात आणि लेझरने पडद्याला छिद्र पाडण्याआधी, पडदा ताणून गाळणीचं तोंड मोकळं करायला. बारीक बाहुलीतून जवळचं स्पष्ट दिसतं, या गुणावर ते चाळिशीच्या चष्म्याला पर्याय म्हणूनही परत आलं. अमेरिकेत २०२१ मध्ये १.२५ टक्क्यांच्या थेंबांना मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या एका कंपनीच्या अशाच थेंबांवरून २०२४ मध्ये 'चष्मा सुटणार' छापाच्या बातम्यांची धूम उडाली आणि मंजुरीपलीकडचे दावे केल्याच्या कारणावरून सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. त्या बातम्यांनंतर काउंटरवर आठवडाभर लोक चष्मा हातात घेऊन विचारत होते.

तोंडाच्या बाजूला चित्र उलटं आहे. डोळ्यासाठी मागच्या बाकावर गेलेलं हे औषध तोंडासाठी अजून पुढच्या बाकावर आहे, कारण तिथे स्पर्धा फारशी नाही.

निरोगी माणसाला दिवसात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटली की काय होतं हे ज्याचं त्यालाच माहीत. भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, गिळायला प्रत्येक घासाला पाणी लागतं, तिखटाचा कण लागला तरी आग होते, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. दात मुळाशी किडतात. तोंडात पांढरी बुरशी धरते. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप, त्यातल्या अनेकांना मान आणि जबड्यावर रेडिएशन घ्यावं लागतं आणि त्या किरणांनी लाळग्रंथी भाजून निघतात. दुसरं मोठं कारण श्योग्रेनचा आजार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रूग्रंथींवर उलटते. रुग्ण बहुतेक स्त्रिया, बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतल्या. तोंडाच्या या आजाराला ज्यांचं नाव आहे ते हेन्रिक श्योग्रेन स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ होते, १९३३ मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. डोळा आणि तोंड शेजारी आहेत हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

गोळी मात्र पहिली पायरी नाही. पहिली पायरी म्हणजे चालू औषधांची यादी काढून कोरड आणणारं कुठलं आहे ते शोधणं. सर्दीच्या जुन्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीन (नैराश्यावर देतात ते), लघवी आवरण्यासाठी देतात त्या ऑक्सिब्युटिनिन-सोलिफेनासिनसारख्या गोळ्या, कंपवातासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी धोत्र्याच्या बाजूची मंडळी. यांतलं एक बदललं तरी कधीकधी काम होतं. शुगर वाढलेली आहे का तेही पाहायचं. आणि कृपा करून खडीसाखर, लिमलेटची गोळी, साखरेतला आवळा दिवसभर गालात धरू नका. लाळ नसलेल्या तोंडात साखर दातांना खाते, आंबटही खातं. बिनसाखरेचं च्युइंगगम आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, हे त्याहून बरं.

त्याने भागलं नाही तर दोन गोळ्या आहेत. पायलोकार्पिन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन किंवा चार वेळा. आणि सेव्हिमेलीन, ३० मिलिग्रॅम, तीन वेळा. याला अमेरिकेत २००० मध्ये श्योग्रेनसाठी मान्यता मिळाली. पायलोकार्पिन लवकर चढतं, लवकर उतरतं, रक्तातलं प्रमाण तासाभरात निम्म्यावर येतं. सेव्हिमेलीन त्यापेक्षा बराच वेळ, साधारण पाच तास टिकतं. घाम दोन्हींनी येतो. सेव्हिमेलीनने थोडा कमी येतो असं काही रुग्णांचं म्हणणं असतं, पण माणसागणिक फरक इतका की एक सोसलं नाही तर दुसरं घेऊन पाहावं, याहून ठाम कुणी काही सांगू नये. मळमळ, सारखी लघवी, चेहरा लाल होणं हेही दोन्हीकडे. तुपातेलाच्या भरगच्च जेवणानंतर पायलोकार्पिनचा असर उशिरा आणि मंद होतो.

या गोळ्यांबद्दल लोकांची सर्वात मोठी निराशा वेळेची असते. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या परत करायला येतात. श्योग्रेनमध्ये सहा आठवडे आणि रेडिएशननंतर बारा आठवडेसुद्धा थांबून पाहावं लागतं. शिवाय गोळी नवी ग्रंथी उगवत नाही, उरलेल्या पेशींना चाबूक मारते. सगळ्या जळून गेल्या असतील तर चाबकाचा उपयोग नाही. म्हणूनच रेडिएशन देतानाच ग्रंथी वाचवता आली तर ते सगळ्यात चांगलं. कानाखालची लाळग्रंथी चुकवून किरण देणाऱ्या नव्या पद्धतीची ब्रिटनमध्ये चाचणी झाली, २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले : एका वर्षाने जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना बऱ्यापैकी कोरड होती, नव्या पद्धतीत ३८ टक्के. रेडिएशन सुरू होण्यापूर्वी "लाळग्रंथी वाचवता येईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

आता दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवू, कारण एकाच माणसाकडे दोन्ही असणं साठीनंतर अगदी शक्य आहे.

डोळ्यासाठी टिमोलॉल आणि तोंडासाठी पायलोकार्पिन किंवा सेव्हिमेलीनची गोळी, या जोडीने हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी या गोळ्या जपून घ्याव्यात असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. थेंबही त्यात धरायचे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. दमा आटोक्यात नसेल तर दोन्ही बाजूंनी अडचण, टिमोलॉलही नको आणि या गोळ्याही नकोत.

थेंबातून किती औषध जातं याचा हिशोब एकदा करून पाहा. २ टक्के पायलोकार्पिन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे १ मिलिग्रॅम. दोन डोळे, चार वेळा, दिवसाला ८ मिलिग्रॅम. गोळीतून दिवसाला १५-२० जातात. थेंबातलं सगळं रक्तात जात नाही, पण आकडा वाटतो तेवढा किरकोळ नाही. म्हणून थेंब टाकायची रीत नीट शिकायची : खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, एकच थेंब सोडायचा, डोळा अलगद मिटायचा (करकचून नाही, उघडझाप नाही) आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं. औषध नाकात उतरत नाही, डोळ्यातच राहतं. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटांनी. न उघडलेली लॅटॅनोप्रोस्टची बाटली बहुधा फ्रिजमध्ये ठेवायची असते, उघडल्यावर बाहेर चालते, पण विदर्भातल्या मे महिन्यात 'बाहेर' म्हणजे ४५ डिग्री हे त्या खोक्यावरच्या सूचनेने गृहीत धरलेलं नसतं.

श्योग्रेनच्या रुग्णाला प्रेशरही असेल तर आणखी एक पेच. डोळे आधीच कोरडे, आणि थेंबांत असणारं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊ द्रव्य कोरड्या डोळ्याला जास्तच झोंबतं. अशा वेळी ते न घातलेले थेंब मिळतात, महाग पडतात. किंवा मग लेझर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत उघड्या अँगलच्या रुग्णांना थेंबांच्या आधी गाळणीवर लेझर दिलं, तर त्यातले ७४ टक्के लोक तीन वर्षांनी कुठल्याही थेंबाशिवाय राहू शकले. रोजचे थेंब न झेपणाऱ्याने हा पर्याय निदान विचारून तरी घ्यावा.

आणि आता तो अँगल. काकांच्या गोळ्यांच्या पत्रकावर लिहिलेलं असतं : अरुंद अँगलच्या काचबिंदूत घेऊ नये. आणि त्याच द्रव्याचे थेंब डोळ्याचे डॉक्टर अरुंद अँगलमध्येच वापरतात! याला विरोधाभास म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर समोर बसून, प्रेशर मोजत, मोजके थेंब टाकतात तेव्हा त्यांना बाहुलीचं काय होतंय ते दिसत असतं. घरी तीन वेळा गिळलेल्या गोळीवर तसं लक्ष कुणाचं नसतं. धोत्र्याच्या बाजूच्या गोळ्यांवर, सर्दीच्या औषधांवरही 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' असं असतं, पण तो इशारा मुख्यतः बंद अँगलवाल्यांसाठी आहे. बाहुली मोठी झाली की पडदा गाळणीवर येऊन टेकतो आणि प्रेशर एका रात्रीत चढतं : डोळा लाल, असह्य ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या. लोक याला पित्त समजून सोडा पितात. हे पित्त नव्हे, त्याच रात्री डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं.

उघड्या अँगलच्या रुग्णाला हा धोका सहसा नसतो, लेझरने पडद्याला छिद्र पाडून घेतलेल्यालाही बराच कमी होतो. तेव्हा पुढच्या तपासणीला डोळ्याच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, "माझा अँगल उघडा आहे की अरुंद?" आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर, पेनाने, डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दातांचे डॉक्टर, कॅन्सरचे डॉक्टर आणि मेडिकलवाला, तिघांनाही ते वाचता येईल.